घरचा डेस्कटॉप, परगावाहून

१९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम बसवला. तेव्हा दूरच्या संगणकावर काम करायला टेलनेट वापरत, आणि त्यात पासवर्ड उघडावाघडाच जाई. तिथल्या तातू युलोनेन या संशोधकाने त्यावर उपाय म्हणून एसएसएच लिहिलं. पोर्टसाठी २२ हा आकडा रीतसर मागून घेतला. २१ एफटीपीचा, २३ टेलनेटचा, मधला मोकळा होता. १९९९मध्ये ओपनबीएसडीच्या मंडळींनी त्याची मुक्त आवृत्ती काढली, ओपनएसएसएच. घरच्या डेस्कटॉपवर बाहेरून शिरायला आज बहुधा तीच वापरतात.

उबुंटूवर ती एका ओळीत बसते: ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल ओपनएसएसएच-सर्व्हर’. बरेच जण इथेच थांबतात आणि घोळ होतो, कारण दार अजून पासवर्डने उघडतंय. असं पोर्ट इंटरनेटवर उघडं टाकलं की लॉगमध्ये ओळी पडू लागतात: ‘फेल्ड पासवर्ड फॉर इनव्हॅलिड यूजर ॲडमिन’, मग ‘टेस्ट’, मग ‘ओरॅकल’. तुमच्याशी कुणाचं वैर नसतं. हे प्रोग्रॅम रात्रंदिवस दिसेल तो पत्ता चाचपत असतात. २२चं २२२२ केलं तर लॉग जरा शांत होतो, एवढंच.

म्हणून किल्ल्यांची जोडी. लॅपटॉपवर ‘एसएसएच-कीजेन’ चालवलं की दोन फायली तयार होतात. सार्वजनिक किल्ली ‘एसएसएच-कॉपी-आयडी’ने डेस्कटॉपवर धाडायची. खासगी किल्ली लॅपटॉपबाहेर जाऊ द्यायची नाही, शिवाय तिलाही पासफ्रेज लावायचा. किल्लीने आत जाता आलं, की मगच सर्व्हरच्या कॉन्फिग फायलीत ‘पासवर्डऑथेंटिकेशन’पुढे ‘नो’ लिहायचं आणि सर्व्हिस रीस्टार्ट करायची. हे सगळं घरी असतानाच उरका.

पुढची अडचण राउटरची. आपल्याकडे अनेक ब्रॉडबँड कंपन्या एकच सार्वजनिक आयपी पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटतात. त्याला सीजीनॅट म्हणतात. मग पोर्ट फॉरवर्ड करूनही बाहेरून काही पोचत नाही. राउटरच्या पानावर डब्ल्यूएएनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर हेच कारण. अशा वेळी वायरगार्ड या व्हीपीएनवर चालणारं टेलस्केल दोन्ही मशीनवर टाकावं. माझ्या मते सार्वजनिक पत्ता असला तरी हाच मार्ग बरा, पोर्ट उघडायलाच लागत नाही.

निघण्याआधी पॉवर सेटिंगमधलं ‘ऑटोमॅटिक सस्पेंड’ बंद करा. आणि भारनियमनाचा भाग असेल तर वीज आल्यावर मशीन आपोआप सुरू होण्याचा पर्याय बायोसमध्ये शोधून ठेवा.