सागरतीरावरील पक्षी (लेखांक ५) : परिचितावरून अपरिचिताकडे

अलिबाग तालुक्यातील आक्षीच्या सुरूबनातून बाहेर पडून मार्गशीर्षातल्या एखाद्या सकाळी पुळणीकडे दृष्टी टाकली, तर नवख्या निरीक्षकास प्रथम जाणवते ती पक्ष्यांची विविधता नव्हे, एकरूपता. उत्तरेकडील दूरच्या प्रदेशांतली वीण आटोपून हिवाळ्यासाठी आलेल्या या पाहुण्यांनी विणीच्या हंगामातले तांबूस-काळे रंग टाकून दिलेले असतात, आणि वर राखी-तपकिरी, खाली पांढरा असा जवळजवळ एकच वेष बहुतेकांनी धारण केलेला असतो. रंगावरून पाखरू ओळखण्याचा आपला रानातला परिपाठ येथे निरुपयोगी ठरतो. आणि नेमक्या याच कारणासाठी पक्षिनिरीक्षणाची याहून उत्तम पाठशाळा नाही, असे मी मानतो.

पहिला मुद्दा वेळेचा. मुंबई-अलिबागकडे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत आहे. अष्टमीस सहाच्या सुमारास, दशमीस साडेसातच्या, असा तो स्थूल हिशेब. पूर्ण ओहोटीत पक्षी दूरवर विखुरतात आणि दुर्बिणीतही केवळ ठिपके दिसतात; पूर्ण भरतीत ते कोरड्या वाळूवर दाटीने, चोच पाठीच्या पिसांत खुपसून विसावतात, म्हणजे चोच व चाल हे दोन्ही मोठे पुरावे एकदमच लोपतात. यास्तव भरती पूर्ण होण्यापूर्वीचे दोन तास साधावेत. त्या वेळी चढते पाणीच चरणाऱ्या पक्ष्यांना आपल्या दिशेने आणीत असते, आपण फक्त निश्चल बसायचे. विसावलेला थवा जवळून पाहण्याच्या हव्यासाने उठवणे मात्र सर्वथा अनुचित होय, कारण परतीच्या प्रवासासाठी अंगात साठवायची चरबी अशा व्यर्थ उड्डाणांत खर्ची पडते.

दुसरा मुद्दा परिमाणाचा. उघड्या वाळूवर अंतराचा अदमास चुकतो आणि आकाराचाही. म्हणून एक सामान्य पक्षी प्रथम पूर्ण परिचयाचा करून घ्यावा. लाल पायांचा टिलवा यासाठी सर्वांत सोयीचा. लांबी सुमारे २८ सेंटीमीटर, पाय नारिंगी-लाल, चोच सरळ, मुळाशी लालसर व टोकाशी काळसर, आणि उडताच पंखांच्या मागच्या कडेला झळकणारी रुंद पांढरी पट्टी. हा एकदा अंगवळणी पडला, की अनोळखी पक्षी त्याहून मोठा की लहान, त्याची चोच स्वतःच्या डोक्याच्या लांबीच्या किती पट, असे प्रश्न विचारता येतात आणि त्यांची उत्तरेही मिळतात.

परंतु सर्वांत बोलका तपशील चालीचा. चिखल्या मोठ्या डोळ्यांचा व आखूड चोचीचा. तो नजरेने भक्ष्य हेरतो, म्हणून चार पावले धावतो, थबकतो, क्षणभर पाहतो आणि एकदाच वाकून टिपतो. तुतवारांच्या कुळातले अनेक पक्षी याउलट स्पर्शाने शोधतात. त्यांच्या चोचीच्या टोकाशी सूक्ष्म संवेदनशील पेशीसमूह असतात, आणि काहींना तर चोच चिखलात रुतलेली असतानाच तिच्या वरच्या भागाचे केवळ टोक उचलून किडा धरता येतो. त्यामुळे त्यांची मान शिवणयंत्राच्या सुईसारखी अखंड वर-खाली होत राहते. सँडरलिंग हा फिकट, जवळजवळ पांढरा पक्षी ओसरत्या लाटेमागे धावतो आणि येत्या लाटेपुढे पळतो. त्याला मागचे बोट नसते. वर वळलेल्या चोचीचा, आखूड पिवळसर पायांचा टेरेक सँडपायपर अंग पुढे झुकवून खेकड्यांमागे असा वेगाने सुटतो, की त्या धावेवरूनच बहुधा त्याची ओळख पटावी.

याच तालुक्यातील किहीम येथे डॉ. सालिम अली यांनी १९३० मध्ये सुगरणीच्या वर्तनाचा जो अभ्यास केला, त्याचे सामर्थ्यही अशा दीर्घ, एकाग्र पाहण्यात होते. त्यांचा भारतीय पक्ष्यांवरील १९४१ सालचा ग्रंथ पुढे अनेकांचा सोबती झाला. तथापि कोणताही ग्रंथ उघडण्यापूर्वी पाहिलेले वहीत उतरवावे, हा माझा आग्रह आहे, कारण चित्र पाहिल्यावर स्मृती त्या चित्राप्रमाणे साक्ष देऊ लागते.

समजा, टिलव्याहून बराच लहान, काळ्या पायांचा, खाली वाकलेल्या चोचीचा पक्षी दिसला. तो डनलिन असेल किंवा कर्ल्यू सँडपायपर. दुसऱ्याची चोच अधिक लांब व एकसारखी बाकदार, पायही उंच. पण खातरजमा व्हायची ती उड्डाणात. शेपटीच्या मुळाशी निर्भेळ पांढरा पट्टा दिसला तर कर्ल्यू सँडपायपर, त्या पांढऱ्यातून मधोमध काळी रेघ गेली असेल तर डनलिन. चिखल्यांतही असेच, मानेमागे पूर्ण पांढरी पट्टी असली तर केंटिश चिखल्या, नसली तर वाळूतल्या दोन चिखल्यांपैकी एक. त्या दोहोंचा निवाडा मुख्यतः चोचीच्या व पायांच्या लांबीवर होतो. तो लांबून करण्याचा अट्टाहास नसावा, ‘चिखल्या, जाती अनिश्चित’ ही नोंदही दप्तरी ठेवण्याजोगी असते.

ज्यांचा निवाडा डोळ्यांनी होत नाही, त्यांपैकी काहींचा कानांनी होतो. हिरव्या पायांच्या टिलव्याचे तीन खणखणीत स्वर आणि व्हिम्ब्रेलची सलग सुमारे सात स्वरांची कंपित शीळ यांपासून पुढील लेखांकाचा आरंभ करू.