कोव्हिड-१९ लसीकरण आणि स्त्रियांची प्रजननक्षमता

कोव्हिड-१९ प्रतिबंधक लसीमुळे स्त्रियांना वंध्यत्व येते, हा समज २०२० च्या अखेरीपासून जगभर पसरला. त्यानंतर झालेल्या अभ्यासांत त्याला आधार मिळाला नाही. या लसींमुळे गर्भधारणेची क्षमता घटत नाही; उलट गर्भारपणात झालेला कोरोना विषाणूचा संसर्ग माता व अर्भक दोघांनाही धोकादायक ठरू शकतो, असे आढळले आहे.

समजाचा उगम

१ डिसेंबर २०२० रोजी जर्मन डॉक्टर वोल्फगांग वोडार्ग आणि फायझर कंपनीतील माजी संशोधक मायकेल यीडन यांनी युरोपीय औषध नियामक संस्थेकडे लसींच्या चाचण्या थांबवण्याची मागणी केली. विषाणूवरील काटेरी प्रथिन (स्पाइक प्रोटीन) आणि गर्भाची वार तयार होण्यास आवश्यक असलेले सिन्सिटिन-१ हे प्रथिन यांत साम्य असल्यास लसीमुळे निर्माण होणारी प्रतिपिंडे वारेलाही अपाय करतील, अशी शंका त्यांनी मांडली होती. समाजमाध्यमांतून ती शंका सिद्ध वस्तुस्थिती म्हणून पसरली.

प्रत्यक्षात काटेरी प्रथिनात १,२७३, तर सिन्सिटिन-१ मध्ये ५३८ अमिनो आम्ले असतात आणि त्यांच्या रचनेतील साम्य अत्यल्प आहे. शिवाय नैसर्गिक संसर्गानंतरही काटेरी प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. त्यामुळे ही शंका खरी असती, तर संसर्ग होऊन गेलेल्या स्त्रियांमध्येही वंध्यत्व दिसले असते.

माहितीचा अभाव

लसींच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून गर्भवतींना, प्रथेप्रमाणे, वगळण्यात आले होते. भारतात १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले, तेव्हाही गर्भवती व स्तनदा माता त्यात नव्हत्या. पुरेशी माहिती नसल्याने बाळगलेली ही सावधगिरी अनेकांना लसीच्या घातकतेचा पुरावा वाटली. स्तनदा मातांना मे २०२१ मध्ये, तर गर्भवतींना २ जुलै २०२१ रोजी लसीकरणाची परवानगी मिळाली. तोपर्यंत दुसऱ्या लाटेचा जोर ओसरला होता.

लसीविषयी असा संशय पूर्वीही घेतला गेला आहे. पोलिओच्या लसीमुळे वंध्यत्व येते, या अफवेमुळे २००३ मध्ये नायजेरियातील कानो राज्यात पोलिओ लसीकरण थांबले आणि त्यानंतर तो रोग इतर देशांतही पसरला.

अभ्यासांचे निष्कर्ष

बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी अमेरिका व कॅनडातील गर्भधारणेसाठी प्रयत्नशील असलेल्या २,१२६ स्त्रियांचा अभ्यास केला. जानेवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात स्त्री किंवा तिचा जोडीदार यांनी लस घेतल्याने गर्भधारणेच्या शक्यतेत फरक आढळला नाही. मात्र संसर्ग झालेल्या पुरुषांची प्रजननक्षमता अल्पकाळ घटल्याचे संकेत मिळाले.

मासिक पाळीविषयीच्या तक्रारी निराधार नव्हत्या. अमेरिकेतील ३,९५९ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या असता लसीनंतरचे पाळीचे चक्र सरासरी एका दिवसाहून कमी काळाने लांबल्याचे दिसले. हा बदल तात्पुरता होता. पाळी काहीशी पुढे जाणे आणि वंध्यत्व येणे या भिन्न गोष्टी आहेत. लोकचर्चेत मात्र त्यांची गल्लत झाली.

गर्भारपणातील संसर्ग

गर्भवतींना कोव्हिड-१९ झाल्यास अतिदक्षता विभागात दाखल करावे लागण्याची व मुदतपूर्व प्रसूतीची शक्यता वाढते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने महाराष्ट्रातील रुग्णालयांच्या साहाय्याने चालवलेल्या नोंदणीत गर्भवती व प्रसूत स्त्रियांच्या दोन लाटांतील नोंदींची तुलना करण्यात आली. पहिल्या लाटेत १४.२ टक्के स्त्रियांना लक्षणे होती. दुसऱ्या लाटेत हे प्रमाण २८.७ टक्के झाले. मृत्यूचे प्रमाण ०.७ टक्क्यांवरून ५.७ टक्क्यांवर गेले.

भारतातील लसी

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने उत्पादित केलेल्या कोव्हिशील्डमध्ये शरीरात वाढू न शकणारा वाहक विषाणू, तर कोव्हॅक्सिनमध्ये निष्क्रिय केलेला कोरोना विषाणू वापरला आहे. लसीकरणामुळे वंध्यत्व येत असल्याचा कोणताही शास्त्रीय पुरावा नाही, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जून २०२१ मध्ये स्पष्ट केले.