भाव आधी, खर्च नंतर : देशोदेशीच्या हिशेबाचे साखरेला धडे

विसरवाडी (ता. नवापूर, जि. नंदुरबार) : ऊस उत्पादकाचे लक्ष भावाकडे असते, कारखान्याचे भाव आणि खर्च यांमधील अंतराकडे. नवापूर तालुक्यात डोकारे येथे आदिवासी सहकारी साखर कारखाना असल्याने विसरवाडी परिसरालाही हे गणित परके नाही.

वर्ष संपल्यावर नफा-तोटा सांगणे हे पारंपरिक जमाखर्चाचे काम. बाजारपेठ, स्पर्धक आणि पुढील खर्च यांचा आधीच अंदाज घेणाऱ्या पद्धतीला ‘धोरणात्मक व्यवस्थापकीय लेखांकन’ म्हणतात. ही संज्ञा ब्रिटनमधील अभ्यासक केनेथ सिमंड्स यांनी १९८१ मध्ये मांडली. स्वतःबरोबरच स्पर्धकाचा खर्चही अभ्यासावा, हा त्यांचा आग्रह होता.

प्रत्येक देशाने मात्र आपापला मार्ग शोधला. जपानमध्ये टोयोटाने १९६० च्या दशकात ‘लक्ष्य खर्च’ पद्धत विकसित केली. ग्राहक देईल ती किंमत, त्यातून अपेक्षित नफा वजा. उरेल तेवढ्याच खर्चात वस्तू बसवायची. जर्मन कंपन्यांनी प्रत्येक विभागाचा स्थिर आणि बदलता खर्च काटेकोरपणे वेगळा काढण्यावर भर दिला. अमेरिकेत रॉबर्ट कॅप्लन आणि रॉबिन कूपर यांनी १९८० च्या दशकात कोणत्या कामावर किती पैसा जातो, हे शोधणारी पद्धत पुढे आणली. भारतात १९६५ मध्ये कंपनी कायद्यात खर्च लेखापरीक्षणाची तरतूद झाली. तिचा रोख झालेल्या खर्चाच्या तपासणीवर होता.

साखर धंद्यात ही तुलना विशेष बोलकी ठरते. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये रास्त व किफायतशीर दर (एफआरपी) ठरविला. म्हणजे किलोभर साखरेमागे केवळ उसाचाच खर्च सुमारे ३३ रुपये १७ पैसे. साखरेचा किमान विक्री दर मात्र फेब्रुवारी २०१९ पासून त्या हंगामातही किलोला ३१ रुपयेच होता. बाजारभाव याहून अधिक मिळू शकतो. पण त्यातूनच प्रक्रिया, पगार आणि व्याज भागवावे लागते.

उसाचा दर कारखान्याच्या हाती नाही, साखरेचा भावही बव्हंशी नाही. मग जपानी पद्धतीप्रमाणे उरलेल्या खर्चालाच मर्यादा घालणे भाग पडते. गाळप एक दिवस थांबले तरी स्थिर खर्च थांबत नाही, हे जर्मन पद्धत दाखविते. तोडणी-वाहतुकीत पैसा कोठे मुरतो, हे अमेरिकन पद्धत सांगते. शेजारच्या कारखान्याचा उतारा आणि खर्च पडताळणे हा सिमंड्स यांचा धडा. मळी, बगॅस व इथेनॉल यांचे उत्पन्नही याच हिशेबात धरावे लागते.

याचा संबंध थेट शेतकऱ्याशी आहे. ऊस नियंत्रण आदेश १९६६ नुसार ऊस मिळाल्यापासून १४ दिवसांत त्याचे पैसे देणे बंधनकारक आहे. हंगाम संपल्यावर तोटा कळला, तर ही मुदत पाळण्याची वेळ केव्हाच टळून गेलेली असते. म्हणूनच हिशेबाची वही गाळपाची मोळी पडण्यापूर्वीच उघडली पाहिजे.