परित्यक्त बिअर-कारखाने

उत्पादन बंद पडल्यामुळे किंवा अन्यत्र हलविल्यामुळे ओस पडलेल्या बिअरनिर्मितीच्या वास्तू व त्यांच्या प्रत्यक्ष पाहणीतून होणारे अध्ययन. हा विषय औद्योगिक पुरातत्त्व या ज्ञानशाखेत मोडतो. बिअर तयार करण्याच्या क्रियांचा क्रम कारखान्याच्या बांधणीतच उतरलेला असतो. त्यामुळे यंत्रसामग्री भंगारात गेल्यावरही मजले, खिडक्या, छपरे व तळघरे यांवरून तेथील उत्पादनपद्धती बरीचशी ओळखता येते. मात्र नोंद होण्यापूर्वीच इमारत पाडली गेली, तर हा पुरावा कायमचा नष्ट होतो.

वास्तुरचना : बिअरसाठी प्रथम सातू भिजवून त्यास मोड आणतात व तो भट्टीवर वाळवितात, या अंकुरित धान्यास माल्ट म्हणतात. जुन्या माल्टगृहांत ओला सातू जमिनीवर पातळ थरात पसरीत व वरचेवर उलथीत. म्हणून या इमारती लांबट, कमी उंचीच्या मजल्यांच्या आणि लहान, झडपा असलेल्या खिडक्यांच्या असतात. झडपांमुळे आतील उष्णतामान व हवा यांवर नियंत्रण ठेवता येई. इमारतीच्या टोकाशी निमुळत्या छपराचा भाग असल्यास तेथे भट्टी होती, असे सामान्यतः समजता येते.

पुढील टप्प्यात माल्ट भरडून गरम पाण्यात मिसळतात, त्याचा गोड अर्क हॉप वनस्पतीच्या फुलोऱ्यांसह उकळतात, थंड करतात व यीस्ट घालून त्याचे किण्वन घडवून आणतात. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये यासाठी मनोऱ्यासारखे उंच कारखाने बांधले गेले. पाणी व माल्ट एकदाच माथ्यावर चढवावयाचे आणि तेथून प्रत्येक पदार्थ गुरुत्वाकर्षणाने खालच्या मजल्यावर उतरवावयाचा, अशी ही योजना होती. वर पाण्याच्या टाक्या व भरडयंत्र, त्याखाली मिश्रणपात्रे व उकळण्याच्या तांब्याच्या कढया आणि सर्वांत खाली किण्वनपात्रे व पिंपे, असा साधारण क्रम असे. ऑक्सफर्डशर परगण्यातील हुक नॉर्टन येथील कारखान्याचा विल्यम ब्रॅडफर्ड यांनी आराखडा केलेला मनोरा १९०० च्या सुमारास पूर्ण झाला व तो आजही वापरात आहे. रिकाम्या झालेल्या मनोऱ्यांचा अर्थ लावताना अशा चालू कारखान्याचा फार उपयोग होतो. छपरालगतच्या भिंतींना फळ्यांची जाळीदार पडदी असल्यास तेथे अर्क थंड करण्याची उथळ, पसरट पात्रे असण्याचा संभव असतो.

ओस पडण्याची कारणे : लागर या प्रकारची बिअर कमी उष्णतामानात दीर्घकाळ साठवावी लागते. यांत्रिक प्रशीतन येण्यापूर्वी त्यासाठी खोल तळघरे खोदून त्यांत हिवाळ्यातील बर्फ भरून ठेवीत. कार्ल फोन लिंडे यांनी १८७० नंतरच्या दशकात म्यूनिकमधील बिअर-उत्पादकांच्या साहाय्याने प्रशीतन यंत्रे विकसित केली. पुढे त्यांचा प्रसार झाला व खोल तळघरांची गरज उरली नाही. अशा रीतीने अनेक ठिकाणी कारखाना चालू असतानाच त्याचा भूमिगत भाग निरुपयोगी झाला. अमेरिकेतील सिनसिनॅटी शहराच्या ओव्हर-द-ऱ्हाइन या जर्मन वसाहतीतील कारखान्यांची तळघरे याच प्रकारची होत. १९२० ते १९३३ या काळातील देशव्यापी दारूबंदीमुळे तेथील उद्योग कोलमडला. विस्मरणात गेलेल्या यांपैकी काही तळघरांत आता मार्गदर्शकासह प्रवेश दिला जातो.

ब्रिटनमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यानंतर कंपन्यांच्या विलीनीकरणामुळे अनेक स्थानिक कारखाने बंद पडले. बर्लिनमध्ये जर्मनीच्या एकीकरणानंतर पूर्व भागातील जुने उद्योग टिकाव धरू शकले नाहीत. तेथील बेरेनक्वेल कारखाना १९९४ मध्ये बंद झाला. भारतीय उपखंडातील उदाहरण म्हणजे रावळपिंडीजवळील मरी या थंड हवेच्या ठिकाणालगत, घोडा गली येथे १८६० मध्ये सुरू झालेला कारखाना. ब्रिटिश सैन्याला बिअर पुरविणे हा त्याचा मुख्य हेतू होता. पुढे उत्पादन रावळपिंडीस हलविण्यात आले आणि १९४७ च्या फाळणीच्या वेळी घोडा गली येथील इमारती आगीत सापडल्या. तेथे दगडी भिंतींचे अवशेष उरले आहेत. याच कंपनीचा क्वेट्टा येथील कारखाना १९३५ च्या भूकंपात नष्ट झाला होता.

समन्वेषण : औद्योगिक पुरातत्त्व ही संज्ञा मायकेल रिक्स यांच्या १९५५ मधील लेखामुळे रूढ झाली. लंडनच्या यूस्टन रेल्वेस्थानकाची भव्य कमान १९६१-६२ मध्ये पाडल्यावर औद्योगिक वारशाच्या रक्षणासाठी ब्रिटनमध्ये लोकमत जागृत झाले. यास समांतर अशी हौशी समन्वेषकांची एक परंपरा आहे. टोराँटो येथील जेफ चॅपमन यांनी १९९६ मध्ये ‘इन्फिल्ट्रेशन’ हे नियतकालिक सुरू करून तिला नाव व काही शिस्त दिली. जागेची मोडतोड करू नये व तेथून काहीही नेऊ नये, हा संकेत समन्वेषकांत बराच मान्य आहे.

हौशी मंडळींची छायाचित्रे पुष्कळदा एखाद्या वास्तूची अखेरची दृश्य नोंद ठरतात. तथापि तोडफोड व चोरी टाळण्यासाठी ते ठिकाणाचे नाव गुप्त ठेवतात. स्थळ, दिनांक व खोलीचे इमारतीतील स्थान यांची नोंद नसलेल्या छायाचित्राचे पुरावा म्हणून मूल्य फारच कमी असते. ही माहिती सोबत लिहून तूर्त अप्रकाशित स्वरूपात एखाद्या अभिलेखागाराकडे सोपविल्यास गुप्तता व उपयुक्तता या दोन्ही गोष्टी साधता येतात.

धोके व कायदा : कुजलेल्या लाकडी तक्तपोशी, उघडे खड्डे व नळांवरील ॲस्बेस्टसचे वेष्टन हे धोके ओस पडलेल्या बहुतेक कारखान्यांत आढळतात. बंदिस्त लोखंडी टाक्या विशेष घातक असतात. लोखंड गंजताना हवेतील ऑक्सिजन वापरला जातो. त्यामुळे वरकरणी स्वच्छ व रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत उतरणारा मनुष्य काही क्षणांत बेशुद्ध पडू शकतो. कबुतरांच्या विष्ठेच्या धुळीमुळे श्वसनमार्गाचे रोग संभवतात. मालकाच्या संमतीवाचून प्रवेश करणे इंग्लंडमध्ये सामान्यतः दिवाणी स्वरूपाचे, तर जर्मनीत फौजदारी स्वरूपाचे कृत्य ठरते.

जतन : इंग्लंडमधील स्लीफर्ड येथे बास कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या माल्टगृहांची दर्शनी लांबी सु. ३०० मी. आहे. १९५९ मध्ये तेथील माल्टनिर्मिती थांबली व १९७६ मधील आगीत संकुलाची मोठी हानी झाली. याउलट बर्लिनमधील शुल्थाइस कारखाना १९६७ मध्ये बंद झाल्यावर १९७४ मध्ये संरक्षित स्मारक ठरविण्यात आला व आज तो कुल्टूरब्राउअराय या नावाने सांस्कृतिक केंद्र म्हणून वापरात आहे. उद्योग बंद पडणे व इमारतीस कायदेशीर संरक्षण मिळणे यांमधील काळ सर्वांत जोखमीचा असतो. या काळात छप्पर व पन्हळी यांची किरकोळ डागडुजी करणे आणि मोजमापांसह नकाशे व छायाचित्रे तयार करणे, हे कमी खर्चाचे व सर्वांत निकडीचे उपाय होत. औद्योगिक वारशाविषयीच्या २००३ च्या निझनी तगील सनदेतही उद्योग बंद पडताच तेथील महत्त्वाच्या अवशेषांची दखल घेण्यावर भर देण्यात आला आहे.