फिरस्त्या फुटबॉलपटूची कहाणी

पनवेलहून हार्बर मार्गाची लोकल पकडली, की सहावे स्थानक नेरूळ. तेथील डी. वाय. पाटील स्टेडियमवर १८ ऑक्टोबर २०१४ रोजी मुंबई सिटीने पुणे सिटीचा ५-० असा धुव्वा उडविला. संघात निकोलस अनेल्का, फ्रेडी लुंगबर्ग अशी मोठी नावे होती. पण इंडियन सुपर लीगमधील पहिली हॅटट्रिक त्या दिवशी नोंदविली ती आंद्रे मोरित्झ या ब्राझिलियन खेळाडूने. मोरित्झ तुर्कस्तानात खेळून इंग्लंडच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये आला होता. २०१३ मध्ये पॅलेसला प्रीमियर लीगमध्ये बढती मिळाली आणि त्याच उन्हाळ्यात तो दुसऱ्या श्रेणीतील बोल्टनकडे गेला. तेथून मुंबई आणि पुढे दक्षिण कोरिया.

अशा खेळाडूला फिरस्ता म्हणता येईल. त्याच्या नावाची जर्सी फारशी विकली जात नाही. मात्र व्यावसायिक फुटबॉलचा डोलारा उभा आहे तो अशाच खेळाडूंच्या खांद्यावर.

फिरस्ते का निर्माण होतात?

इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगचे २० आणि त्याखालील तीन श्रेणींचे ७२ असे ९२ क्लब आहेत. दरवर्षी काही संघ वर चढतात, तर काही खाली घसरतात. संघ घसरला की उत्पन्न आटते आणि पहिली कात्री खेळाडूंच्या वेतनावर चालते. करार साधारणतः ३० जूनला संपतात. हंगाम संपताच कोणाला ठेवायचे आणि कोणाला मोकळे करायचे, याची यादी प्रत्येक क्लब जाहीर करतो. प्रशिक्षक बदलला, गुडघा दुखावला किंवा अकादमीतून एखादा तरुण पुढे आला, तरी त्या यादीत नाव येऊ शकते. काहींना तर करार चालू असतानाच काही महिन्यांसाठी दुसऱ्या क्लबला उसने दिले जाते.

युरोपीय न्यायालयाने १५ डिसेंबर १९९५ रोजी दिलेल्या बॉसमन निकालामुळे करार संपलेला खेळाडू हस्तांतर शुल्काविना दुसऱ्या क्लबात जाण्यास मोकळा झाला. नामवंतांना याचा मोठा लाभ झाला. मधल्या फळीतील खेळाडूंच्या वाट्याला मात्र स्वातंत्र्याबरोबर अनिश्चितताही आली.

लंडन ते मडगाव

मुंबई-गोवा महामार्ग आपल्या पनवेलपासून सुरू होतो. त्या वाटेवरच्या गोव्यात असाच एक फिरस्ता येऊन गेला. रोहन रिकेट्स हे त्याचे नाव. नाव मराठी वाटले, तरी हा खेळाडू लंडनचा. जन्म १९८२ चा. आर्सेनलच्या अकादमीत तो घडला. पण तेथील पहिल्या संघात त्याला जागा मिळाली नाही. मग टॉटनहॅमकडून २००३-०४ च्या हंगामात तो प्रीमियर लीगमध्ये खेळला. विशीतल्या खेळाडूला आणखी काय हवे?

तेथून उतरण सुरू झाली. कॉव्हेंट्री, वुल्व्हज, क्वीन्स पार्क रेंजर्स, बार्न्सली हे टप्पे पार करून २००८ मध्ये तो कॅनडातील टोरांटोला पोहोचला. त्यानंतर हंगेरी, मोल्दोव्हा, जर्मनी, आयर्लंड आणि पुन्हा इंग्लंडमधील एक्सेटर. २०१२-१३ च्या हंगामात तो गोव्याच्या धेंपो क्लबात दाखल झाला. धेंपो तेव्हा भारताचा विजेता संघ होता. पुढे इक्वेडोर, थायलंड आणि बांगलादेशही त्याच्या वाटेवर आले.

पूर्व युरोपातील मुक्कामात वेतन थकल्याचे त्याने स्वतःच जाहीरपणे लिहिले. दूरवरून रम्य दिसणाऱ्या या भटकंतीची खरी किंमत तेथे कळते. इंग्लंडमध्ये १९०७ पासून खेळाडूंची संघटना पाठीशी उभी असते. परक्या देशात भाषा वेगळी, कायदा वेगळा आणि घरभाड्याची तारीख मात्र तीच. ‘फिफा’ने २०१८ मध्ये नियम अधिक स्पष्ट केला. दोन महिन्यांचे वेतन थकल्यास खेळाडूने लेखी सूचना देऊन किमान १५ दिवसांची मुदत द्यावी. तरीही पैसे न मिळाल्यास त्याला करार मोडता येतो.

आपल्या मुलांसाठी

हा प्रश्न परक्यांचाच आहे, असे समजण्याचे कारण नाही. कोल्हापूरच्या रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव २०१७ मध्ये १७ वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत भारताकडून खेळला. २०१९ मध्ये त्याला पुण्याच्या वेंकीज समूहाच्या मालकीच्या ब्लॅकबर्न रोव्हर्समध्ये प्रशिक्षणाची संधी लाभली. त्यानंतर जमशेदपूर, हैदराबाद, कोलकाता अशी शहरे तोही बदलत गेला. जुलै २०२५ मध्ये इंडियन सुपर लीगचा पुढील हंगाम स्थगित झाला, तेव्हा काही क्लबांनी खेळाडूंचे वेतनच थांबविले. धेंपोनेही २०१६ मध्ये आय-लीगमधून माघार घेतली होती आणि राष्ट्रीय पातळीवर परतायला त्या क्लबाला अनेक वर्षे लागली.

पनवेल-खारघरच्या मैदानांवर सकाळी घाम गाळणाऱ्या मुलांना आणि कडेला उभ्या असलेल्या पालकांना यातून घाबरवायचे नाही. फिरस्त्याची कारकीर्द हे अपयश नव्हे. खेळावर दहा-पंधरा वर्षे पोट भरणे हे फार थोड्यांना साधते. परंतु अकादमीत नाव घालताना आपला मुलगा मेस्सी होईल का, एवढाच प्रश्न विचारून भागणार नाही. तो सामान्य व्यावसायिक खेळाडू झाला तर काय, हेही विचारायला हवे. करार लेखी असावा, त्याची प्रत घरी असावी, दुखापतीचा खर्च कोणाचा हे त्यात नमूद असावे आणि शिक्षण अर्धवट सुटू नये. चेंडू पायाशी असतो तोवर टाळ्या मिळतात. यादीतून नाव वगळले जाते, त्या दिवशी उपयोगी पडते ती हीच तयारी.