मानमोडी, कोंडा आणि परसातील कोंबडी

चाकणच्या आसपासच्या खेड्यांत कोंबडीची मान मुरडली, पाय लुळे पडले, की त्या दुखण्यास ‘मानमोडी’ म्हणतात. शब्द मोठा बोलका आहे. रोगी पक्षी त्याने डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु तो नाव देतो ते लक्षणाला, कारणाला नव्हे. 1918 सालच्या इन्फ्ल्युएंझाच्या साथीलाही महाराष्ट्रात हेच नाव पडले होते, एवढ्यावरून त्याच्या अर्थाचा ऐसपैसपणा ध्यानात यावा. माणसांच्या बाबतीत तो शब्द आता इतिहासजमा झाला. कोंबड्यांच्या बाबतीत मात्र तो रोजच्या वापरात आहे, आणि तेथे त्याचा ऐसपैसपणा महाग पडतो. कारण मान मुरडण्याच्या मुळाशी विषाणू असू शकतो, त्याचप्रमाणे खाद्यातील उणीवही असू शकते. विषाणूवर अगोदर टोचलेल्या लसीवाचून इलाज नाही. उणिवेवर धान्याचा कोंडादेखील पुरतो.

विषाणुजन्य मानमोडी म्हणजे राणीखेत. कुमाऊँमधील राणीखेत ह्या गावावरून भारतात तिला हे नाव मिळाले. इंग्लंडात ती न्यूकॅसलच्या नावाने ओळखली जाते. 1926 साली ती जावा बेटात आणि न्यूकॅसल येथे जवळजवळ एकदमच नोंदली गेली. ही मानमोडी साथीने येते. पक्ष्यांना ताप चढतो, घरघर लागते, चोच उघडी टाकून ते श्वास घेतात, हिरवट पातळ हगवण लागते. आणि त्यातून जे वाचतात त्यांच्यापैकी काहींची मान पिळवटलेली राहते. एका खुराड्यातून ती शेजारच्या खुराड्यात जाते. हा संसर्ग हीच तिची मुख्य खूण होय.

योगायोग असा की, आहारजन्य मानमोडीचा उलगडाही जावा बेटातच झाला, आणि तो त्याआधी सुमारे पस्तीस वर्षे. डच वैद्य क्रिस्तियान आइकमान हा बाटाव्हिया (आजचे जाकार्ता) येथील प्रयोगशाळेत बेरीबेरी रोगाचा जंतू शोधीत होता. 1889 च्या उत्तरार्धात त्याच्या कोंबड्यांचे पाय एकाएकी लटपटू लागले, माना लुळावल्या. रोग संसर्गाचा असावा असे त्यासही प्रथम वाटले. पण नोव्हेंबरात कोंबड्या आपोआप बऱ्या होऊ लागल्या. चौकशीअंती कळले ते असे : मधले काही महिने प्रयोगशाळेचा नोकर त्यांना लष्करी रुग्णालयाच्या मुदपाकखान्यातील उरलेला पांढरा भात घालीत होता, पुढे स्वयंपाकी बदलला, आणि लष्कराचा भात बिनलष्करी कोंबड्यांना देण्यास नव्या स्वयंपाक्याने साफ नकार दिला. कोंबड्या पुन्हा असडी तांदळावर आल्या आणि वाचल्या. एका हट्टी आचाऱ्याचे उपकार वैद्यकशास्त्राने विसरू नयेत असे आहेत!

आइकमानने पुढे रीतसर प्रयोग करून दाखविले की सडलेल्या तांदळाने रोग होतो आणि त्याचाच कोंडा परत मिसळला की तो हटतो. त्याचा अर्थ लावण्यात मात्र तो चुकला : तांदळातील पिठूळ भागात विष असून कोंड्यात त्याचा उतारा आहे, असे त्याचे मत होते. उतारा नव्हे, तर शरीरास अवश्य असा एक घटकच कोंड्याबरोबर फेकला जातो, हे 1901 मध्ये त्याचा सहकारी खेरिट ग्राइन्स ह्याने मांडले. 1926 मध्ये, म्हणजे राणीखेत जावात नोंदली गेली त्याच वर्षी, त्याच बेटावर यान्सेन व डोनाथ ह्यांनी तो घटक स्फटिकरूपाने वेगळा केला. त्यास आज थायमिन किंवा ब-1 जीवनसत्त्व म्हणतात. 1929 चे नोबेल पारितोषिक आइकमानला (हॉपकिन्सबरोबर विभागून) मिळाले.

ह्या कथेचा चाकणशी संबंध केवळ उपमेचा नाही. खेड तालुक्याच्या पश्चिमेस भामनेर-भीमनेरच्या खोऱ्यांत भात पिकतो. चाकणच्या बाजूस बाजरी, ज्वारी, भुईमूग आणि कांदा. ह्या भागातील कोंबडीला दाणे क्वचितच विकत घालीत. खळ्यावर सांडलेली बाजरी, उकिरड्यातील अळ्या, बांधावरची वाळवी, कोवळे गवत आणि मुरमाचे खडे ह्यांवर ती जगे. घरातून मिळे ती मूठभर कणी. ह्या आहाराचे प्रमाण कोणी बसविले नव्हते, तरी तो समतोल साधे. बाजरीत प्रथिने शेकडा दहा-अकरा, अंडी देणाऱ्या कोंबडीची गरज शेकडा सोळा ते अठरा. उरलेली तूट किडे भरून काढीत. तृणधान्यांत जी लायसिन व मेथिओनिन ही अमिनो आम्ले कमी असतात, नेमकी तीच किड्यांच्या प्रथिनांतून मिळत. अखंड बाजरी खाणाऱ्या, मोकळ्या हिंडणाऱ्या कोंबडीस थायमिनची उणीव सहसा भासत नाही.

गेल्या शतकाच्या अखेरीपासून म्हाळुंगे, खराबवाडी, निघोजे, कुरुळी ह्या गावांच्या जमिनींवर कारखाने उभे राहिले. खळे गेले, गुरे गेली तेथे उकिरडाही गेला. रस्त्यावरच्या रहदारीमुळे आणि चाळींच्या दाटीमुळे कोंबडी खुराड्यात कोंडली गेली, आणि तिच्यापुढे येऊ लागला तो खाणावळीतील उरलेला पांढरा भात. भात वेळून पेज ओतून दिली असेल, तर तांदळात शिल्लक असलेले थोडेसे थायमिनही पाण्याबरोबर जाते. निव्वळ अशा भातावर ठेवलेल्या मोठ्या कोंबडीत सुमारे तीन आठवड्यांत लक्षणे दिसू लागतात. पिलांत त्याहून लवकर. प्रथम खाणे सुटते, मग पायांची बोटे व पाय निकामी होतात, अखेर मान मागे पडून चोच आकाशाकडे वळते. ताप नसतो, घरघर नसते. आणि थायमिन टोचले असता काही तासांतच पक्षी सावरू लागतो. मग शेजारच्या, बाजरीवर पोसलेल्या कोंबड्या धडधाकट का, ह्याचे कोडे उरत नाही.

येथे दुसरा ऐसपैस शब्द आडवा येतो, तो ‘कोंडा’. भाताचे टरफल, ज्यास खरे तर तूस म्हणावे, तेही बोलण्यात कोंडाच. आणि तांदळाला पॉलिश करताना निघणारी मऊ, तेलकट भुकटी तीही कोंडाच. तुसात तंतू आणि वाळूसारखी सिलिका ह्यांवाचून फारसे काही नाही. भुकटीत मात्र शेकडा बारा-तेरा प्रथिने, तेल आणि थायमिनचा साठा असतो. साध्या हलरमधून दोन्ही एकत्र पडतात, म्हणून ‘कोंडा घातला, पण गुण आला नाही’ ही तक्रार खोटी नसते. कोंड्याचा मांडा करणाऱ्या गृहिणीलाही आधी कोणता कोंडा हे विचारावे लागेल. शिवाय त्यातील तेल थोड्याच दिवसांत खवट होते, आणि खवटपणा ई जीवनसत्त्वाचा नाश करतो. दोन ते चार आठवड्यांच्या पिलांत त्याच्या अभावाने मेंदूस इजा होऊन पिले लडखडतात, माना मुरडतात. अर्थात ही तिसरी मानमोडी. आणि ती पहिल्या दोहोंपैकी कोणत्याच उपायाने जात नाही, ताजे खाद्य व हिरवा पाला ह्यांनीच टळते.

खवटाहून वाईट ते बुरसट. ‘माणसाला नको, पण कोंबडीला चालेल’ ह्या न्यायाने भिजलेल्या शेंगा व काळी पडलेली बाजरी परसात जाते. 1960 साली इंग्लंडात बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या पेंडीमुळे टर्की पक्ष्यांची मोठी हानी झाली, आणि तिच्या तपासातून अफ्लाटॉक्सिन हे विष उजेडात आले. ते यकृत पोखरतेच, पण प्रतिकारशक्तीही दुबळी करते. म्हणजे बुरसट दाण्यावर पोसलेल्या कोंबडीत राणीखेतची लसदेखील पुरते काम करीत नाही. आहाराची मानमोडी आणि विषाणूची मानमोडी येथे एकमेकींस मिळतात.

चाकण ही कांद्याची पेठ असल्याने सडक्या कांद्याचाही उल्लेख करावयास हवा. कांद्यातील गंधकयुक्त द्रव्यांनी गुरांच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात हे सिद्ध आहे. कोंबडीपुढेही कांद्याचे ढीग टाकू नयेत. खारट फरसाण व लोणच्याचे खरकटे हेही तसेच त्याज्य, कारण जादा मीठ कोंबडीस सोसत नाही. याउलट लसूणघास, शेवग्याचा पाला, मेथीच्या काड्या ह्यांतून अ जीवनसत्त्व मिळते. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जाते. ते भाताने भरून येत नाही, शिंपल्यांच्या चुऱ्याने येते. पेषणीत दाणे दळण्यास लागणारे खडे वेगळे, शिंपले वेगळे. खडे विरघळत नाहीत.

कोंडलेल्या कोंबडीस भाताऐवजी बाजरी-मक्याचा भरडा, शेंगदाण्याची ताजी पेंड, थोडा ताजा पॉलिशचा कोंडा आणि पाला द्यावा. दिवसातून काही वेळ तरी तिला माती उकरू द्यावी. एवढ्यानेही मान मुरडलीच, तर निदान अंदाजाने करू नये. पुण्यात औंध येथे पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. मेलेल्या पक्ष्याची तपासणी तेथे होते. राणीखेतवरची लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात थेंब घालून आणि पुन्हा सहा ते आठ आठवड्यांच्या वयात टोचून देतात. ती बर्फात ठेवून आणावी लागते, आणि एकदा कालवली की लगेच वापरावी लागते. म्हणून वस्तीतील पाच-सहा घरांनी एकाच संध्याकाळी, कोंबड्या खुराड्यात शिरल्यावर, ती टोचून घेणे सोयीचे पडते.