संगणक अभियांत्रिकी : दहावीनंतरच्या दोन वाटा



दहावीचा निकाल लागला की अनेक पालक विचारतात, "मुलाला कॉम्प्युटरला घालायचे आहे, काय करावे?" त्याविषयी ही थोडी माहिती.

प्रथम एक फरक ध्यानात घ्यावा. क्लासमध्ये तीन महिन्यांत टॅली किंवा डीटीपी शिकणे म्हणजे संगणक वापरणे होय. संगणक अभियांत्रिकी म्हणजे संगणकाकडून नवे काम करून घेण्याची पद्धत शोधणे. आपल्या सुरतेत कच्चा हिरा यंत्रावर स्कॅन होतो आणि कमीत कमी घट होऊन तो कसा कापावा हे संगणक सुचवतो. ते यंत्र चालवणे हे कौशल्य आहे; त्यामागचा प्रोग्रॅम लिहिणे ही अभियांत्रिकी. त्यात शाळेतलीच भूमिती वापरलेली असते. म्हणून गणिताला घाबरून चालणार नाही.

दोन वाटा

पहिली वाट : अकरावी-बारावी सायन्स (ए ग्रुप) आणि नंतर चार वर्षांची पदवी. राज्यातील महाविद्यालयांसाठी गुजकेट, तर राष्ट्रीय संस्थांसाठी जेईई मेन परीक्षा असते. जेईई मेनची प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातील केंद्रांवर मराठीतूनही घेता येते.

दुसरी वाट : दहावीनंतर तीन वर्षांची पदविका (डिप्लोमा) आणि मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश. त्यासाठी गुजरातमध्ये २०२४ पासून डीडीसीईटी ही परीक्षा होते.

दोन्ही वाटांनी पदवीला सहाच वर्षे लागतात. मात्र डिप्लोमाच्या मुलाच्या हाती तीन वर्षांनी नोकरीलायक प्रमाणपत्र असते. ज्या घरात एकाच्या कमाईवर सर्व चालते, तेथे हा विचार जरूर करावा. सरकारी पॉलिटेक्निकची फीही खाजगीपेक्षा पुष्कळ कमी असते.

कुठे शिकावे?

इच्छानाथला १९६१ साली स्थापन झालेली एसव्हीएनआयटी आहे. सार्वजनिक कॉलेज १९९५ पासून, तर ट्रिपल आयटी सुरत २०१७ पासून सुरू आहे. खाजगी कॉलेज निवडताना एआयसीटीईची मान्यता आधी तपासावी.

कागदपत्रांची काळजी

काही पालक मुलाला बारावीसाठी गावी, जळगाव-धुळ्याला पाठवतात. एनआयटीमध्ये निम्म्या जागा त्याच राज्यातील विद्यार्थ्यांसाठी असतात आणि राज्य ठरते ते बारावी कुठून झाली त्यावरून. गावी बारावी केलेला मुलगा एसव्हीएनआयटीसाठी बाहेरचा ठरतो. तसेच महाराष्ट्राच्या जातीच्या दाखल्यावर गुजरातचे राज्य आरक्षण आपोआप मिळत नाही. ही चौकशी नववीतच करावी.

२०१५ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजनेत, ८० पर्सेंटाइल व त्याहून अधिक गुण आणि सहा लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असल्यास अभियांत्रिकीची निम्मी शिक्षण फी, कमाल ५० हजार रुपये, मिळते. उत्पन्नाचा दाखला वेळेवर काढून ठेवावा.

पुढे काय?

सॉफ्टवेअर तयार करणे व तपासणे, डेटाबेस, नेटवर्क, सायबर सुरक्षा, अध्यापन अशी अनेक क्षेत्रे आहेत. 'गेट' परीक्षा देऊन एम.टेक. करता येते. साधा प्रोग्रॅम आता कृत्रिम बुद्धिमत्ताही लिहून देते. तो बरोबर आहे का, हे ओळखणाऱ्याची गरज मात्र राहणारच. म्हणून केवळ भाषा पाठ न करता डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टीम यांसारखे पायाभूत विषय पक्के करावेत. नोकरीची हमी कोणतीच पदवी देत नाही.

मराठी माध्यमाचा न्यूनगंड नको. इंग्रजी रोज थोडी वाचली तर जमते. डॉ. विजय भटकर अकोला जिल्ह्यातील मुरंबा या खेड्यातले. त्यांनी एम.ई. आपल्या शेजारच्या बडोद्यात केले. अमेरिकेने भारताला महासंगणक नाकारल्यावर त्यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली 'परम ८०००' तयार केला.

विश्वस्त मंडळींना एक विनंती : दरवर्षी दिवाळीनंतर नववी-दहावीच्या पालकांसाठी एक मार्गदर्शन सभा घ्यावी आणि शिकत असलेल्या माजी विद्यार्थ्यांना तेथे बोलवावे. निकालानंतर केलेली धावपळ बहुधा उशिराची ठरते.